निळ्या शर्टातला फ्यूज

"लायसन्स? हॅ! ते काय, बसल्या बसल्या मिळेल!" डॉक्टर म्हणाले.

"बसूनच चालवतात गाडी," बायको म्हणाली आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

हे डॉक्टर म्हणजे नाडी बघणारे डॉक्टर नव्हेत. एका रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत, भिंतीला दिलेला रंग ओघळायला किती वेळ घेतो हे मोजण्याची त्यांची नोकरी, आणि एवढ्यासाठी त्यांनी रसायनशास्त्रात पीएचडी केलेली! पण नावामागे एकदा डॉक्टर लागलं की नातेवाईक थोडेच सोडतात? परदेशात येऊन वर्ष उलटलं तरी मावशी व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यापुढे गुडघा धरायच्याच.

घोटाळा त्या उलटलेल्या वर्षाचाच होता. या देशात घरचं लायसन्स फक्त वर्षभर चालायचं, आणि तेवढ्यात इथली परीक्षा द्यायची असा नियम. डॉक्टरांनी आल्या आल्या एक जुनी, शेंगदाण्याएवढी गाडी घेतली, ती मजेत फिरवली आणि परीक्षेचं 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत वर्ष घालवलं. आता कॉलेजपासून गाडी हाकणारा हा गडी कायद्याच्या दृष्टीनं तान्हं बाळ झाला होता. गाडीच्या मागेपुढे शिकाऊची पाटी लावायची आणि शेजारी लायसन्सवालं मोठं माणूस बसवायचं, आणि बायकोला तर गाडी येतच नव्हती. एकट्यानं गाडी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा न्यायची नाही!

तरी हे सगळं रडतखडत चाललं असतं. पण आई यायची होती.

आईनं याआधी कधी विमानात पाऊल टाकलं नव्हतं. महिनोन् महिने 'नको रे बाबा, मी इथेच बरी' असं चाललेलं. शेवटी एकदाची कबूल झाली, ती एका अटीवर. "तू स्वतः गाडी चालवत न्यायला येणार असलास तर येते. तिथल्या परक्या टॅक्सीवाल्याच्या गाडीत मी बसायची नाही. तो नेईल कुठेही, मला ना भाषा येते ना पत्ता वाचता येतो!"

"अगं, मी स्वतःच येणार! माझी गाडी आहे, माझं लायसन्स आहे!" डॉक्टर म्हणाले होते. त्या वेळी खरंच होतं. आता आईचं विमान शनिवारी उतरायचं होतं, आणि डॉक्टरांची परीक्षा शुक्रवारी होती.

शिकवायला येणाऱ्या बाई पूर्वी शाळेत होत्या. वर्ग गेला, पण नजर राहिली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांचं स्टिअरिंग, ब्रेक, गिअर सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "गाडी चांगली चालवता. पण हे काय?"

"काय?"

"हे! आत्ता वाजवलंत ते!"

डॉक्टरांना खरंच कळलं नाही. त्यांनी हॉर्न वाजवला होता म्हणे. असेल! श्वास घेतलेला कुठे कळतो माणसाला? तिकडे मायदेशी ते वळणावर हॉर्न वाजवत, वळण नसेल तर सरळ रस्त्याच्या आनंदात वाजवत. रोज सोसायटीच्या फाटकाशी पोचले की दोन आखूड, एक लांब, पीप पीप पीऽऽप, की वर स्वयंपाकघरात आई चहाचं आधण ठेवायची. हॉर्न म्हणजे नुसता आवाज नव्हता, बोलणं होतं ते!

इथे मात्र हॉर्न ही शिवी होती. डॉक्टरांनी चौकात सहज एक पीप केलं, तर शेजारच्या गाडीतला म्हातारा काच खाली करून काकुळतीला येऊन म्हणाला, "माझं काही चुकलं का?" गल्लीत एकदा वाजवलं, तर खिडक्यांतून माणसं डोकावली. आणि प्रत्येक वेळी बाई शांतपणे विचारत, "कोणाला बोलावलंत?"

ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. हे 'कोणाला बोलावलंत' डॉक्टरांच्या मेंदूत खिळ्यासारखं ठोकलं गेलं. तरी अंगठा ऐकेना! गुरुवारच्या शेवटच्या तासालाही रस्त्यावर कबुतर दिसलं आणि पीप झालंच.

संध्याकाळी डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. मग एकदम उठले.

"सापडलं! सवय मोडता येत नसेल, तर पुरवठा तोडायचा."

"कसला?"

"विजेचा! हॉर्नचा फ्यूज काढून टाकतो. मग अंगठा कितीही दाबू दे, आवाजच नाही! परीक्षकाला कळणारसुद्धा नाही. शुद्ध विज्ञान!"

"आणि तो फ्यूज हरवला म्हणजे?"

"मी काय लहान आहे?" असं म्हणून डॉक्टर खाली गेले, स्टिअरिंगखालचं झाकण उघडून नखाएवढा निळा फ्यूज चिमट्यानं उपटला आणि अंगातल्या निळ्या शर्टाच्या खिशात टाकला. रंगाला रंग जुळला याचंही त्यांना कौतुक वाटलं.

शुक्रवारी सकाळी ते पांढरा शर्ट घालून परीक्षेला गेले.

बाई सोबत होत्या. केंद्रावर पोचल्यावर त्या आत बाकावर बसल्या आणि परीक्षक बाहेर आले. हातात पाटी-पेन, आणि चेहरा असा, की त्यावर रंग लावला असता तर ओघळलाच नसता! त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. इंडिकेटर दोन्हीकडचे लुकलुकले. ब्रेकचे दिवे लागले. मग ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले,

"हॉर्न वाजवा."

डॉक्टर हसले. अस्सं! म्हणजे सापळा लावलाय तर!

"नाही हो," ते नम्रपणे म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"समोर कोणीच नाही. उगीच कशाला वाजवायचा?"

"मी सांगतोय म्हणून वाजवा."

"तुम्ही सांगाल हो! पण मी तसा माणूस नाही." डॉक्टरांनी छातीला हात लावला. "विनाकारण हॉर्न वाजवणं हे मुळात माझ्या स्वभावातच नाही!"

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "प्रत्येक गाडीचा हॉर्न चालतो की नाही, हे मला निघण्यापूर्वी बघावं लागतं. नियम आहे. वाजवला नाहीत तर परीक्षा रद्द."

फ्यूजचं त्या घाईत डॉक्टरांच्या डोक्यातून पार गेलं. अंगठा आपोआप हॉर्नवर गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो परवानगीनं चालला होता! त्यांनी दाबला.

शांतता.

"जोरात दाबा."

डॉक्टरांनी दोन्ही तळहातांनी, कणीक तिंबल्यासारखा दाबला. गाडी हलली. आवाज नाही.

"एक मिनिट हं, साहेब! फ्यूज माझ्या खिशात आहे!"

परीक्षकांच्या नोकरीत हे वाक्य बहुधा पहिल्यांदाच आलं असावं. डॉक्टरांनी खिसा चाचपला. मग पँटचे खिसे. मग पुन्हा शर्टाचा, जणू मघाशी तो लाजून लपला होता. आणि मग त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, माझा निळा शर्ट कुठे आहे?"

"मशीनमध्ये. का?"

"थांबव! मशीन थांबव!"

"परीक्षा सोडून शर्टाचं काय घेऊन बसलास?"

"त्याच्या खिशात हॉर्न आहे!"

पलीकडे मशीनची घरघर ऐकू आली. "तरीच म्हटलं, आत काय खडखडतंय," बायको म्हणाली.

"दहा मिनिटं देतो," परीक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले. "वाजला तर निघू. नाही तर पुढची तारीख घ्या."

पुढची तारीख! आणि उद्या आई विमानतळावर उभी राहील! डॉक्टर क्षणात आडवे झाले. पाय दाराबाहेर, डोकं ब्रेकपाशी, आणि वर फ्यूजची पेटी. डोकं मात्र थंड होतं. कुठलाही निळा फ्यूज चालेल, फक्त बिनमहत्त्वाच्या जागेचा हवा. झाकणाच्या आतल्या बाजूला तक्ता होता. मागच्या काचेचा हीटर, डावीकडून दुसरा. उन्हाच्या दिवसात हीटर हवाय कुणाला! त्यांनी डावीकडून दुसरा उपटला, हॉर्नच्या जागी बसवला आणि पडल्या पडल्याच हात वर करून दाबला.

पीऽऽप!

केंद्रातले सगळे बाहेर धावत आले. बाईसुद्धा. त्यांनी काही विचारलं नाही, पण डॉक्टरांना ऐकू आलंच.

फक्त एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. झाकण उघडलं की ते उलटं होतं, आणि तक्त्यावरचं डावं ते पेटीतलं उजवं असतं. आरशाचा हा साधा नियम डॉक्टरांनी शाळेत प्रयोगासह समजावून सांगितला होता. बक्षीससुद्धा मिळालं होतं.

"पुढे डावीकडे वळा," परीक्षक म्हणाले. डॉक्टरांनी इंडिकेटरची दांडी ओढली. ना टिकटिक, ना लुकलुक. त्यांच्या डोळ्यांपुढे ती पेटी झरझर उलटी फिरली आणि सगळा उलगडा झाला. पण वळण तर आलं! मग रक्तातलं जे होतं ते धावून आलं. डॉक्टरांनी काच खाली केली, हात खांद्यापर्यंत बाहेर काढला आणि ताक घुसळावं तसा गरागरा फिरवला. मागचा सायकलवाला जागीच थांबला. पदपथावरच्या एका आजींनी हसून उलट हात हलवला.

"इंडिकेटर कुठे गेला?"

"हॉर्नमध्ये," डॉक्टर खरं तेच बोलले.

परीक्षकांनी डोळे मिटले, उघडले. "हाताची खूण पुस्तकात आहे. कोणी करताना पाहिलं नव्हतं, एवढंच. चला."

चला! म्हणजे अजून आशा होती! डॉक्टरांना हुरूप आला. प्रत्येक वळणावर त्यांनी मन लावून ताक घुसळलं. आरसे पाहिले, वेग सांभाळला, पादचाऱ्यांसाठी इतके अदबीनं थांबले की ज्यांना रस्ता ओलांडायचा नव्हता त्यांनीही भिडेखातर ओलांडला. शेवटी केंद्राची गल्ली आली. आता लायसन्स हातभर अंतरावर होतं.

समोर पार्सलची एक व्हॅन उभी होती. तिचे मागचे पांढरे दिवे लागले आणि ती थेट डॉक्टरांच्या अंगावर मागे मागे यायला लागली. डॉक्टरांच्या मागे दुसरी गाडी येऊन ठेपलेली, हलायला जागा नाही.

"हॉर्न," परीक्षक पुटपुटले.

डॉक्टरांचा अंगठा उचलला गेला. हॉर्नवर टेकला. आणि नेमका त्याच क्षणी मेंदूतला खिळा बोलला, 'कोणाला बोलावलंत?' अंगठा जो गोठला तो गोठलाच! त्याऐवजी डॉक्टरांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं, पंजानं दाराचा पत्रा धाडधाड बडवला आणि अस्सल मराठीत ओरडले, "ओ दादा! ओऽऽ! मागे येऊ नका! थांबा थांबा थांबा!"

दादांच्या कानात गाणी होती. टक्!

लागलं असं फारसं काहीच नाही. पुढची शिकाऊची पाटी तेवढी वाकडी झाली.

परीक्षकांनी कागद भरून हातात दिला. "गाडी चांगली चालवता. पण आवश्यक तिथे हॉर्न वाजवला नाही. नापास."

घरी बायकोनं कागद दोनदा वाचला. "हॉर्न वाजवला नाही म्हणून? तू?" आणि ती जी हसत सुटली ती जमिनीवरच बसली. मग डॉक्टरांचा चेहरा बघून थांबली.

"आईला काय सांगायचं?" डॉक्टर म्हणाले. "ती टॅक्सीत बसणार नाही. बाकावर बसून राहील तिथेच."

"खरं सांग."

"विमानात बसलीसुद्धा ती."

दारात उभ्या असलेल्या बाईंना भाषा कळत नव्हती, पण वर्गात रडवेलं पोर कोणतं हे बाईंना न सांगता कळतं. त्यांनी काय झालंय ते विचारलं आणि म्हणाल्या, "शेजारी लायसन्सवालं माणूस असलं म्हणजे झालं ना? उद्या मी मोकळी आहे. आणि ते दोन्ही फ्यूज आधी जागेवर लावा."

धुतलेला फ्यूज चकचकीत निघाला होता.

शनिवारी विमानतळाबाहेर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. डॉक्टर स्टिअरिंगवर, शेजारी बाई, मागे बायको, आणि गाडीला मागेपुढे शिकाऊच्या पाट्या. तेवढ्यात आई दिसली. दोन बॅगा लोटत, डोक्यावरून शाल घेऊन ती नेमकी उलट्या दिशेला, टॅक्सींच्या रांगेपुढून चालली होती. एक टॅक्सीवाला तिच्या बॅगेला हात घालत होता आणि ती बॅग पोटाशी धरून मान हलवत होती.

"आई! आई गं!" डॉक्टर ओरडले. गोंगाटात कोण ऐकतो!

बायको खाली उतरायला धडपडत होती, पण मागच्या दाराला लहान मुलांसाठीचं कुलूप होतं. डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांच्या अंगठ्याकडे.

"बोलवा त्यांना," बाई म्हणाल्या.

पीप पीप पीऽऽप!

अख्खा विमानतळ दचकला. शिट्टी फुंकत एक पोलीस निघाला. पण आईनं वळूनसुद्धा न बघता टॅक्सीवाल्याच्या हातातून बॅग सोडवली आणि त्याला मराठीतच सांगितलं, "सोडा आता. आला माझा मुलगा."

गाडीत बसल्यावर तिनं सगळं नीट पाहून घेतलं. पाट्या, वाकडी झालेली आणि सरळ असलेली. पुढच्या सीटवरच्या, पाठ ताठ ठेवून बसलेल्या बाई. मुलाची वळणावळणावर भिरभिरणारी मान. डॉक्टर घामाघूम होऊन प्रश्नाची वाट बघत होते. प्रश्न काही आला नाही. आईनं फक्त बायकोच्या कानात काहीतरी विचारलं, आणि बायकोनं खिडकीकडे तोंड करून पदर नसताना पदर तोंडात कोंबल्यासारखं केलं.

घरी पोचताच आईनं मावशींना फोन लावला.

"पोचले गं सुखरूप! अगं, काय सांगू, फार मोठं प्रस्थ झालंय आपल्या डॉक्टरचं! गाडी स्वतः चालवतो. आणि शेजारी नुसती बसायला एक बाई ठेवलीय!"