एक अख्खं गाणं

"हा जोडधंदा मूळ धंद्याला गिळून ढेकर देणार, बघच तू!" फ्रिज दुरुस्तीवाल्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

मूळ धंदा म्हणजे त्यांचा वाद्यवृंद. आठवडाभर आपापली दुकानं सांभाळायची आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या समारंभात फर्माइशीची गाणी वाजवायची. ड्रमवर मेहुणा, बेस गिटारवर चष्म्याच्या दुकानातला मित्र, आवाजाच्या यंत्रावर तो स्वतः. आणि गायला बायको. ती दिवसभर लोकांचे कपडे शिवायची आणि सुट्टीला गळा मोकळा करायची. तिने सूर लावला की जेवणाऱ्यांचे घास हातातच राहायचे!

पण फ्रिजवाल्याच्या डोक्यात डब रेगे नावाच्या परदेशी संगीताचं भूत शिरलं, आणि जोडीला तसला दुसरा बँड काढायचं ठरलं.

"म्हणजे करायचं काय, दाजी?" मेहुण्याने विचारलं.

"सोप्पं! गाणं घ्यायचं. त्यातून गाणारा काढायचा. खाली ड्रम आणि बेस तेवढे ठेवायचे. मग मधूनच आवाजाचा एखादा तुकडा सोडायचा आणि घुमवत ठेवायचा."

"म्हणजे मासा काढून घ्यायचा आणि काटे वाढायचे!"

"अरे, काट्यांतच खरी चव!"

चष्मेवाला मात्र हरखला. त्याचा बेस इतकी वर्षं त्याच्या आईखेरीज कुणाला ऐकू आला नव्हता.

गाण्यातून तिलाच काढायचंय, हे बायकोला सांगायला हवं होतं. नवऱ्याला वाटलं, भाऊ सांगेल. भावाला वाटलं, चष्मेवाला सांगेल. चष्मेवाल्याला वाटलं, नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला?

पहिला कार्यक्रम एका कारखान्याच्या सभागृहात होता. तिने खास त्यासाठी गाणं बसवलं होतं. पहिली ओळ झाली आणि नवऱ्याने तिचा आवाज खाली ओढला. तिला वाटलं, माइक गेला. तिने माइकवर टिचक्या मारल्या. मग आणखी जोरात गायली. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, पण आवाज शून्य! सभागृहाचा वायरमन शिडी घेऊन धावला. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून गुडघ्यावर आपटलं. आणि नवरा? डोळे मिटून ताकातल्या रवीसारखा डोलत होता!

शेवटी ती गर्रकन वळली. "अहो! झोपलात का? मेला माझा माइक!"

नेमकं त्याच क्षणी त्याने आवाज वर केला.

"मेला... मेला... माइक... माइक..." भिंती घुमल्या. लोक खुर्च्यांवरून उठून नाचायला लागले!

झालं! बँड गाजला. मूळ वाद्यवृंद कधी बंद पडला ते कळलंसुद्धा नाही. जिथे जावं तिथे एकच ओरडा, "बाई, रागवा! रागवा ना!" मग नवराही कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासूनच तयारीला लागायचा. तिची कात्री लपव, शिवायच्या कापडावर ओला टॉवेल टाक. जाब विचारला की म्हणायचा, "कलेसाठी गं!" ती संतापायची, तो घुमवायचा आणि त्याची टेपही करायचा, लोक टाळ्या पिटायचे. तिचं गाणं मात्र पहिल्या ओळीपुढे कुणी ऐकलं नाही.

ओरडून ओरडून तिचा घसा बसायला लागला. घशाच्या डॉक्टरांनी बजावलं, "आता बास. गाणं नाही, ओरडणं तर नाहीच."

घरी येऊन ती सुईत दोरा ओवत बसली. दोरा ओवून झाल्यावर म्हणाली, "एक शेवटचा कार्यक्रम करू. मला एक गाणं अख्खं गायचंय. आणि नंतर बसून ऐकायचंय, लोक ऐकतात तसं. यंत्राला बोटसुद्धा लावायचं नाही तुम्ही."

"शपथ!" तो म्हणाला.

शेवटच्या कार्यक्रमाला लोक पुन्हा ओरडले, "रागवा!" तिने मान हलवली आणि गायला लागली. थोडी चुळबुळ झाली. मग सभागृह हळूहळू गप्प झालं. नवरा पहिल्या रांगेत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. आजवर आपण काय कापून टाकत होतो ते त्याला त्या दिवशी कळलं. तो लहान मुलासारखा रडला.

लोक पांगले. ती खाली आली. "लावा आता."

"काय?"

"टेप हो! दर कार्यक्रमाची करता ना!"

त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "अगं... ते बटण मीच दाबतो. आणि तूच म्हणालीस, यंत्राला बोटसुद्धा..."

त्यानंतर ती जी सुटली! लग्नापासूनचं सगळं काढलं. कात्री, टॉवेल, त्याच्या आईचे टोमणे, काही काही सोडलं नाही. ताई रागावतेय म्हटल्यावर मेहुणा सवयीने ड्रमवर जाऊन बसला. चष्मेवाल्याने सवयीने बेस उचलला आणि जाता जाता टेपचं बटण दाबलं. घसा पार संपेपर्यंत ती बोलली.

तिचा न कापलेला आवाज तेवढ्या एकाच टेपवर आहे. आता दोघं म्हातारी झालीत. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो टेप लावतो आणि हात मांडीवर ठेवून ऐकत बसतो. आतलं शिलाई मशीन थांबतं. ती दारात येते.

"संपलं नाही का हो अजून माझं बोलणं?" उरलेल्या कुजबुजत्या आवाजात विचारते.

"नाही गं," तो म्हणतो. "बस जरा. अजून बरंच आहे."