एका कान्याची गोष्ट

टेबलावर पडलेला प्रवेशअर्ज दुरुस्तीकाकांनी सहज म्हणून उचलला आणि तिसऱ्या ओळीवर त्यांची नजर अडकली ती अडकलीच. 'प्रथम पसंती : विद्युत वहन अभियांत्रिकी.'

"बघ," ते काकूंना म्हणाले, "काना खाल्ला."

"कुणी?" काकू भाजी चिरत होत्या.

"तुझ्या लेकीनं. वाहन लिहायचं तिथं वहन लिहिलंय. विद्युत वाहन म्हणजे विजेवरची गाडी. वहन म्हणजे नुसतं वाहून नेणं. पोरगी गाड्या बनवायच्या सोडून चार वर्षं ओझी वाहणार."

काकांनी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाले तरी खोड गेली नव्हती. औषधाच्या बाटलीवरची सूचना ते आधी दुरुस्त करत आणि मग औषध घेत. शेजारी त्यांना चिठ्ठी लिहायला कचरत, त्यापेक्षा फोन करत. 'दुरुस्तीकाका' हे नाव त्यांना छापखान्यात पडलं होतं आणि त्यांच्यासोबत घरी आलं होतं.

लेक परीक्षेनंतर विजेवरच्या स्कूटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात काम शिकायला जात होती. तीन महिने घरात बॅटरी, मोटर आणि चार्जिंग यांशिवाय विषय नव्हता. कुठलं विद्यापीठ, कुठला विभाग, शिकवायला कोण, याची तिने वही भरली होती. त्यातून काकांच्या लक्षात एवढंच राहिलं होतं, की पोरीला विजेवरच्या गाड्यांच्या धंद्यात जायचंय आणि विद्यापीठाच्या माहितीपत्रकात अकरा चुका आहेत.

"ती तीनला येईल, तिला विचारा," काकू म्हणाल्या. "परवा जेवताना ती काहीतरी सांगत होती, वीज पोचवायचं वगैरे."

"वीज पोचवायला तारा आहेत. अर्ज दुरुस्त करायची मुदत आज पाचपर्यंत आहे. जगाचे काने लावत फिरलो आणि पोटच्या पोरीचा राहिला, तर लोक तोंडात शेण घालतील."

लेकीला फोन लावावा, तर तिचा फोन घरीच चार्जिंगला लावलेला. काकांनी चष्मा पुसला, खिशाला लाल पेन लावलं आणि निघाले.

विद्यापीठाच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज बघितला आणि परत सरकवला.

"ही चूक नाही, काका. दोन्ही कोर्स आहेत. वहन दोनशे चौदा, वाहन दोनशे एक्केचाळीस."

"बघा, म्हणजे आकडापण उलटा पडलाय," काका म्हणाले. चूक दोनदा सापडल्याचा त्यांना वेगळाच आनंद झाला.

"मुलगी कुठंय?"

"कामावर. मी वडील आहे."

"ते दिसतंय. पण बदलायचं तर तिच्या फोनवर ओटीपी जाणार. दोन मिनिटांत तो सांगावा लागतो."

काकांनी घरी फोन लावला. लेकीच्या फोनवर आकडा आल्याचं काकूंनी सांगितलं, पण आकडा काही सांगितला नाही.

"अगं, वाच ना."

"इथं लिहिलंय, 'हा क्रमांक कुणालाही सांगू नका.'"

"मी कुणी आहे का?"

"कुणालाही म्हणजे कुणालाही. लिहिलंय तसंच वाचावं, असं तुम्हीच म्हणता."

या वादात पहिला ओटीपी गेला. दुसरा काकू चष्मा शोधेपर्यंत गेला. तिसरा त्यांनी सांगितला, तोवर रांगेतली माणसं पुढे झुकून ऐकू लागली होती. कारकुनाने आकडा टाकला आणि म्हणाला, "झालं. लॉक केलंय." काकांना फार बरं वाटलं.

मागे एक शिंपी उभा होता. त्याने विचारलं, "काय हो, काय भानगड?"

काकांनी समजावून सांगितलं. एका कान्याने माणूस गाडीवरून विजेच्या खांबावर जातो, हे ऐकून शिंप्याचा चेहरा पडला, कारण त्याच्या मुलाने अर्ज स्वतःच भरला होता. त्याच्यामागच्या नर्सबाईंनी घरी फोन लावला. काका बाकावर बसले आणि ज्याने दिला त्याचा अर्ज तपासून दिला. तिघांचे काने गेलेले निघाले, एकाचं तर आईचं नावच चुकलं होतं. काका उठले तेव्हा ही बातमी फाटकाबाहेर पोचली होती.

सव्वातीनला लेक आली. दुकानातली एक स्कूटर तिला चालवून बघायला दिली होती, ती तिने दाराशी लावली आणि आधी फोन उचलला.

"बाबा, हा मेसेज कसला? 'आपली पसंती बदलण्यात आली आहे'?"

"आभार मानू नकोस. बापाचं कामच आहे ते," काका म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं, ओटीपीसकट.

लेक खुर्चीत बसली. "बाबा, मी वहनच निवडलं होतं."

"पण तुला तर गाड्या…"

"वाहन विभागात मी जाऊन आले. तिथं एक गाडी आहे, ती विटांवर उभी आहे आणि शिकवणारे अजून यायचेत. वीज गाडीपर्यंत पोचवायचं, चार्जिंगचं सगळं काम वहनवाले करतात. आमच्या दुकानात गाड्या येतात ना, त्यातल्या निम्म्या धडधाकट असतात. फक्त वाटेत चार्ज करायला जागा नसते. मला तेच करायचंय. गाड्या बनवणारे पुष्कळ आहेत."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. परवा जेवताना, पाऊण तास. तुम्ही माहितीपत्रक हातात धरून 'हं, हं' म्हणत होतात."

काकांना आठवलं. त्यातली नववी चूक त्यांना तेव्हाच सापडली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने तीन महिने पायपीट करून जे ठरवलं होतं, ते त्यांनी तीन ओटीपींत घालवलं होतं.

"चल," ते उठले. "अजून पाच वाजले नाहीत."

स्कूटर पहिल्या चौकापर्यंत छान गेली. दुसऱ्या चौकानंतर चढ लागला आणि ती थांबली.

"निघताना चाळीस टक्के दाखवत होती," लेक म्हणाली.

"आणि आता?"

"आता काहीच दाखवत नाही. म्हणूनच तर चालवून बघायला दिली होती."

काकांनी खाली उतरून मागून जोर लावला. एका बेकरीत विचारलं, एका सलूनमध्ये विचारलं. कुणाचा प्लग आत होता, कुणाची वायर पुरत नव्हती. अर्ध्या चढावर काकांना धाप लागली.

"इथं जवळपास चार्ज करायची सोयच नाही का कुठं?"

लेक मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिली.

"कळलं," काका म्हणाले आणि पुन्हा ढकलू लागले.

फाटकाशी पोचले तेव्हा पाचला पंचवीस मिनिटं होती आणि रांग रस्त्यापर्यंत आली होती. सगळ्यांच्या हातात अर्ज, सगळ्यांच्या तोंडी काना. कुणीतरी ओळखलं, "हेच ते काका." लोकांनी आदराने वाट करून दिली. काका मान खाली घालून खिडकीपाशी गेले.

"तुम्ही सकाळी एक काना लावून गेलात," कारकून म्हणाला, "तेव्हापासून मी जेवलो नाहीये. आता काय लावायचंय?"

"काढायचाय."

"काय?"

"काना."

मागे, परत रांगेत आलेल्या सकाळच्या शिंप्याने मुलाचा अर्ज पुन्हा उघडला.

"लॉक केलेलं उघडायला लेखी कारण लागतं," कारकून म्हणाला. "त्यावर साहेबांची सही. आणि साहेब पावणेपाचला उठतात."

काका साधी चिठ्ठीसुद्धा आधी कच्ची लिहीत. पण घड्याळात पावणेपाचला सात मिनिटं उरली होती. त्यांनी कागद ओढला, एका दमात दोन ओळी लिहिल्या आणि न वाचता आत दिल्या. कारकून कागद घेऊन पळाला. साहेबांचा एक हात पिशवीत गेलाच होता, दुसऱ्याने त्यांनी सही केली. ओटीपी आला, तो लेकीने स्वतःच टाकला आणि पडद्यावर पुन्हा दोनशे चौदा उमटलं. कारकुनाने कागदावर शिक्का मारून तो फाइलला लावायला घेतला.

तेवढ्यात काकांनी कागद वाचला. 'माझ्या मुलीने निवडलेले बरोबर होते. चुक तिच्या वडिलांची आहे.'

चुक. ऱ्हस्व. स्वतःच्या अक्षरात, खाली स्वतःची सही. काकांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. लेकीलाही ते दिसलं होतं, पण तिने ओठ दाबून धरले.

"सहीनंतर कागदात खाडाखोड केली, तर सगळं पहिल्यापासून," कारकून म्हणाला.

काकांनी क्षणभर कागदाकडे बघितलं आणि हात खाली घेतला. "असू दे," ते म्हणाले. "चूक माझीच आहे. ऱ्हस्व काय आणि दीर्घ काय."

बाहेर आल्यावर दोघांनी पुन्हा स्कूटर धरली. आता उतार होता, पण घर लांब होतं.

"किती वेळ लागेल?" काकांनी विचारलं.

"ढकलत? पाऊण तास."

"मग परवा जेवताना काय सांगितलंस ते सांग."

लेक सांगू लागली. पहिल्याच वाक्यात, नुसतं 'कारण' पुरे असताना, तिने 'कारण की' म्हटलं. काकांनी जीभ चावली, गाडी ढकलली आणि म्हणाले, "बरं, मग?"