उत्तर येईपर्यंत प्रकृती जैसे थे

टक्. टक्.

लाकडी चमचा लापशीच्या वाडग्यावर दोनदा आपटला आणि पाद्र्याच्या घरातली सकाळची शांतता मोडली. दोनदा टक् म्हणजे ‘अजून वाढ’. एकदा म्हणजे ‘पुरे’. तीनदा टक् म्हणजे आजीविषयीचं मत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मुद्द्याकडे वळते. आजार शरीरात होतो हा अडाणी समज आहे. शरीरात तो नुसता सुरू होतो. खरा होतो तो कागदावर, शाई वाळल्यानंतर. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनीतल्या आमच्या बेटावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कारण इथे वैद्य नाही. वैद्य एडिनबरोला असतात. डॉक्टर कार्नॉक. त्यांनी आमच्या बेटावर कधी पाऊल ठेवलेलं नाही, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी कुणाच्या मनात तिळमात्र शंका नाही. (एकदा एक खराखुरा वैद्य वादळामुळे आमच्या किनाऱ्याला लागला होता. त्याने लोकांना जीभ दाखवायला सांगितली. असल्या उद्धट माणसाला पुढच्या गलबताने परत पाठवण्यात आलं.)

पद्धत अशी आहे. रोग्याने आमच्या घरी यावं. बेटावर सुवाच्य अक्षर दोघांचंच. एक माझे यजमान वॉल्टर, जे सदैव रविवारच्या प्रवचनात गुंतलेले असतात; दुसरी मी, जी कशातच गुंतलेली नसते असं घरात धरून चालतात. दुपारी मुलीला निजवलं की तासभर मी बेटाची दुखणी लिहून काढते. शुक्रवारी टपालाचं गलबत सुटतं (वारा असला तर, आणि तांडेल शुद्धीत असला तर). पत्र पोचायला चार आठवडे, डॉक्टरांच्या विचाराला एक, उत्तराला परत चार. एकूण नऊ. या नऊ आठवड्यांत रोग्याचं कर्तव्य एकच: पत्रात लिहिलंय तसंच आजारी राहणं. नाहीतर उत्तर लागू कसं पडणार? (प्रकृती बदललीच तर तसं कळवावं आणि नवं उत्तर येईपर्यंत रोग्याला जागचं हलवू नये, हा पोटनियम माझ्या सासूबाईंचा.)

हे कर्तव्य सगळ्यांना पेलत नाही. मॅग्नस फ्लेट हा आमचा कोळी. त्याचा गुडघा सुजला, पत्र गेलं आणि पाचव्या दिवशी सूज उतरली. गडी जाळं खांद्यावर टाकून निघाला, तर दारात बायको उभी.

“कुठे निघालात?” इंगाने विचारलं.

“मासे धरायला. बरा झालो की मी!”

“बरे झालात? कुणाला विचारून? पत्रात ‘अंथरुणाला खिळला आहे’ असं लिहिलंय पाद्रीणबाईंनी. तिकडे एवढा मोठा माणूस तुमच्या गुडघ्यापायी डोकं खाजवतोय, आणि तुम्ही इथे उड्या मारताय? पडा मुकाट्यानं!”

तो पडला. नऊ आठवड्यांनी उत्तर आलं: रोग्याने रोज दोन मैल झपाझप चालावे. तोवर पडून पडून मॅग्नसला धड उभंही राहता येईना. तसं कळवलं आहे. उत्तर वाटेत आहे.

गेल्या वर्षीची स्थिती अशी. पत्रं त्रेचाळीस. उत्तराआधीच बरे झालेले एकोणीस (त्यांना समज देण्यात आली). उत्तराआधी वारलेले पाच (पैकी दोघांचं औषध नंतर पोचलं, ते त्यांच्या थडग्यांवर ओतलं; दोन्हीकडे गवत वाळलं). दुसऱ्याच्या आजाराचं उत्तर मिळालेले सात, त्यांतल्या चौघांना चांगला गुण आला. उरलेले बारा औषध घेतल्याचं सांगतात आणि मी समोर दिसले की वाट बदलतात.

या कामात मला थोडं नाव मिळालं आहे, ते सांगायला हवं. ‘पोटात दुखते’ असं लिहिलं की डॉक्टर दोन ओळी पाठवतात. मी लिहिलं, ‘उजव्या बरगडीखाली जणू कुणी पाहुणा मुक्कामाला आला आहे आणि निघायचे नाव काढत नाही,’ तर तीन पानं आली. तेव्हापासून बायका तक्रारी घेऊन येतात. “पाद्रीणबाई, तिच्या पोटात पाहुणा बसवलात, आणि माझी कंबर नुसती ‘दुखते’? आम्ही काय घोडं मारलंय तुमचं?” मग मी कमरेत गलबत नांगरते. बाई समाधानाने वाकून घरी जाते. आली होती तेव्हा ती ताठ होती.

आता ग्रिझेल. चमचा वाजवणारी ती ग्रिझेल, माझी मुलगी. चार वर्षांची झाली तरी तिने एकही शब्द उच्चारला नव्हता.

“साऱ्या बेटाच्या दुखण्यांना वाचा देतेस,” सासूबाई म्हणायच्या, “आणि पोटची पोर मुकी!” त्यांच्या कानावर आलं होतं की एडिनबरोजवळ अशा मुलांना ठेवून घेणारं एक घर आहे. “डॉक्टरांनी हो म्हटलं की वसंतातल्या बोटीनं पाठवू. तिच्या भल्यासाठीच म्हणते मी.” (आमच्या घरात जे कुणालाच नको असतं, ते भल्यासाठी असतं.)

वॉल्टरना विचारलं तर ते म्हणाले, “डॉक्टर म्हणतील तसं.”

लागोपाठ अकरा दुपारी मी कागद समोर घेऊन बसले. पाहुणा सुचेना, गलबत सुचेना. अखेर लिहिलं: ‘ती बोलत नाही. तिला सगळे ऐकू येते. समुद्राचा रंग बदलला की आमच्याआधी बोट दाखवते. झोपताना माझा कान मुठीत धरते.’

सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. “अगं, पण यात आजार कुठाय?” आणि खाली आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ जोडली: ‘मुलगी मुकी आहे, सबब मुकीच समजावी व वसंतातल्या बोटीने तिकडच्या घरी पाठवावी काय ते कळवावे.’

नऊ आठवडे मी ते टपालाचं गलबत मनात बुडवत होते आणि मनातच वर काढत होते. मग एका शुक्रवारी उत्तर आलं. वॉल्टरनी चष्मा चढवला. सासूबाई चुलीपाशी हात जोडून बसल्या. इंगा मीठ मागायला आली होती, ती मीठ विसरून थांबली. ग्रिझेल माझ्या पायाशी, हातात चमचा.

“‘सदर रोग्याचे मी बारकाईने निरीक्षण केले आहे,’” वॉल्टर वाचू लागले. (मधे समुद्र आहे.) “‘रोगी जन्मतः मुका असल्याबद्दल माझी पूर्ण खात्री झाली आहे—’”

“मुकी.”

वॉल्टरनी चष्म्यावरून पाहिलं. “आई, मधे बोलू नकोस.”

“मी कुठे बोलले?”

“मी पण नाही हो,” इंगा म्हणाली.

मग सगळ्यांनी खाली पाहिलं.

“मुका नाही. मुकी,” ग्रिझेल म्हणाली. “मी मुलगी आहे.”

“शू!” सासूबाई ओरडल्या. “पत्र पुरं होऊ दे!”

आणि पत्र पुरं झालं. आमच्याकडे पत्र अर्धवट सोडत नाहीत. “‘—त्यास वसंतातल्या बोटीने पाठवावे. तोवर बोलण्याचा आग्रह करू नये.’” मी तेवढ्या वेळात खाली बसले होते आणि लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं. आतलं काही सांडू नये तसं.

“अगंबाई, बोलते की ही!” इंगा म्हणाली.

“बोलत असेल,” सासूबाई म्हणाल्या. “पण पत्रात नाही ना बोलत.”

वॉल्टर गंभीर झाले. “एडिनबरोचं निदान, आणि ते एका वाक्यानं खोटं ठरवायचं?”

“चार वाक्यं झाली,” मी म्हणाले.

“पाच,” ग्रिझेल म्हणाली.

त्या क्षणी मला या पद्धतीची खरी थोरवी कळली. मी उठले, सासूबाईंसमोर उभी राहिले आणि त्यांचाच लाडका नियम म्हणून दाखवला: प्रकृतीत बदल झाल्यास डॉक्टरांना कळवावे, आणि उत्तर येईपर्यंत रोग्यास जागचे हलवू नये. बोट सुटायला सहा आठवडे होते. उत्तराला नऊ. सासूबाईंनी बोटांवर मोजलं, मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजून पाहिलं.

“नियम तो नियम,” त्या म्हणाल्या. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुठल्यातरी चांगल्या घरातून आले आहे.

त्या दुपारी लेखणी अशी धावली म्हणता! सोळा पानं. ‘रोग्याच्या जिभेवर एक पाहुणी अवचित उतरली असून तिचा मुक्काम किती दिवसांचा, ते समजत नाही…’ शेवटी तीन शंका घातल्या आहेत. प्रत्येकीच्या उत्तरातून आणखी तीन निघतील अशी काळजी घेतली आहे. माझ्या अंदाजाने ग्रिझेलचं लग्न होईपर्यंत हे प्रकरण विचाराधीन राहील. वसंतातली बोट काल गेली, लोकर आणि खारवलेले मासे घेऊन.

तोवर नियमाप्रमाणे ग्रिझेल मुकी आहे. आजीसमोर चमचा वाजवते. (हल्ली तीनदा जास्त.) गोठ्यात मात्र तिच्या तोंडाला विसावा नसतो. वारा रात्री कुठे निजतो, गाय कुणाची सून आहे, मासा तहानेला काय करतो. आज एकूण चाळीस प्रश्न झाले. एकोणचाळीस मी कसेबसे परतवले.

चाळिसावा असा. मी हेच लिहीत होते, डॉक्टरांच्या पत्राच्या कोऱ्या पाठीवर. तुम्ही माझ्या लेकीला कधी पाहिलेलं नाही, तेव्हा तिचं काय करायला हवं होतं हे तुमच्या मनात पक्कं झालंच असेल (कृपया कळवू नये, टपाल तुंबलं आहे). निजलेली ग्रिझेल केव्हा उठून माझ्या कोपरापाशी आली, समजलं नाही.

“आई, हे पण डॉक्टरांना?”

“नाही गं. हे लोकांनी वाचायला.”

“कुठल्या लोकांनी?”

“लांबच्या. मला माहीत नसलेल्या.”

तिने शाईत बोट बुडवलं आणि माझ्या झग्याच्या झालरीला पुसलं.

“मग त्यांना काय झालंय?”