भवानीच्या अप्पांचा मध

बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी व्यंकोजीराव तिच्याच मधाच्या बाटल्या घेऊन स्वामीमलैला गेले होते. निरोप बसच्या कंडक्टरने सांगितला. बाटल्या तशाच परत आल्या.

तेराव्यानंतर त्यांनी ठरवलं, तिचा हा शेवटचा मध अगदी कायद्याने विकायचा. बावीस बाटल्या होत्या. नव्या नियमाप्रमाणे परवाना तिने स्वतः जाऊन काढला होता, लेबलंही छापून घेतली होती. "अख्ख्या कुंभकोणमात इतका चोख कारभार दाखवा," असं व्यंकोजीराव दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

मग निरीक्षक गुरुमूर्ती आले. लेबल वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"वजन आहे, पत्ता आहे. पण मध करणाऱ्याचं नाव 'भवानीचे अप्पा'?"

परवान्यावरही तेच होतं, शिक्क्यासकट. सगळं नवऱ्याच्या नावावर हवं हा तिचा हट्ट, आणि छत्तीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून न काढलेली बाई ते कारकुनाला थोडंच सांगणार?

"तो मीच," व्यंकोजीराव छाती काढून म्हणाले.

"माझी बायकोही असंच करते. पण पुरावा लागेल. नाहीतर माल उचलावा लागेल."

दुसऱ्या दिवशी लेक भवानी तिरुनीलक्कुडीहून आली.

"हे तुमचे वडील?" गुरुमूर्तींनी विचारलं.

"लहानपणापासून."

"झालं तर. राव, मध तुम्हीच करता ना? करा सही."

'हो' म्हटलं की काम संपत होतं.

"मी? माशा मला पेटीजवळ फिरकू देत नाहीत. मध तिचा."

भवानीने कपाळाला हात लावला.

"तिचा म्हणजे? नाव काय?"

व्यंकोजीरावांचं तोंड उघडलं ते कडी मोडलेल्या कपाटासारखं उघडंच राहिलं. त्यांनीही सगळा संसार 'अगं'वर केला होता.

"अप्पा, मी सांगते."

"तू थांब." ते खाकरले. "गोदा." म्हटल्यावर बरं वाटलं, म्हणून पुन्हा म्हणाले, "गोदाबाई. ठळक लिहा."

"परवाना हयात माणसालाच मिळतो, राव."

"तो मला द्या. विकणार मी. करणारी ती. एवढ्या लेबलावर दोघं मावतो की."

गुरुमूर्तींनी नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं. मनाई कुठे सापडेना. त्यांनी सही केली.

नवी लेबलं छापून आली. व्यंकोजीराव ती येईल त्याला दाखवतात, तिच्या नावावर बोट ठेवून. गिऱ्हाइकाने बाटली मागितली की म्हणतात, "खळ अजून वाळायची आहे."

याला दोन महिने झाले. बावीस बाटल्या फळीवर आहेत, बावीस लेबलं पेटाऱ्यात. चिकटवायची राहिली आहेत.