बिल्ला नंबर सात

गायकवाड तात्या रिकाम्या कपाटाचं दार लावायच्या आधीसुद्धा आत तोंड घालून विचारायचे, "आत कोण हाय का?" तीनदा. मग जरा थांबायचे आणि म्हणायचे, "नसंल त्यानं गप ऱ्हावं."

कपाटातलं कुणी कधी बोललं नाही. तात्यांचं समाधान व्हायचं.

तात्या आमच्या बारामतीच्या कॉलेजात फिजिक्स लॅबचे सुपरवायझर आणि मी त्यांचा असिस्टंट. नाव सुनील. पण प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो म्हणून सगळे मला नकल्या म्हणायचे. तात्या आधी लांब कुठंतरी सरकारी संशोधन केंद्रात होते. तिथं एक अवाढव्य मशीन. "वीजकण गोल गोल पळवायचं," तात्या सांगायचे. "गुऱ्हाळात बैल फिरत्यात का, तसं. फकस्त बैल दिसत न्हाय आन् रस निघत न्हाय." ते चालू असताना आत माणूस राहिला तर काय होतं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. तिथवर आले की चष्मा पुसायला लागायचे. पंचवीस वर्षं त्यांचं काम एकच. आत कुणी नाही हे बघायचं आणि दार लावायचं.

गावोगाव पिवळे एसटीडी बूथ निघत होते, त्या दिवसांत आमच्या कॉलेजला लेझर आला. बासरीएवढी नळी. बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर टिकलीएवढा लाल ठिपका. तेवढ्या टिकलीसाठी तात्यांनी खिडक्या काळ्या रंगवल्या, दाराच्या फटींना रबर ठोकलं, वर लाल दिवा लावला. खोलीत खुर्ची बंद. "खुर्चीत बसला की डोळा बरूबर लेझरच्या वाटंत येतो. हुभं ऱ्हा." घड्याळ, अंगठी, बांगड्या बाहेर काढून ठेवायच्या, कारण चकचकीत वस्तूवरनं किरण उडून डोळ्यात जातो. उद्घाटनाला प्राचार्य आले तर त्यांची अंगठी निघेना. तात्यांनी साबण आणला. गळ्यात हार, हाताला फेस, आणि प्राचार्य बोट पिळतायत.

"साहेब, बोट तुमचं एकल्याचं हाय," तात्या म्हणाले. "डोळं शंभर पोरांचं हायत."

सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे बिल्ले. पितळेचे बारा बिल्ले, वर नंबर ठोकलेले, दाराबाहेर फळीवर बारा खिळ्यांना टांगलेले. आत जाताना आपला बिल्ला खिशात घालायचा, बाहेर आलं की परत टांगायचा. "बिल्ला खिशात, तवर माणूस आत. फळी भरल्याबिगर टाळं न्हाय." माझा नंबर सात. मी मुद्दाम कधी बिल्ला घेऊन घरी जायचो, तर तात्या सायकलवर दारात हजर.

असा हा माणूस, आणि स्वतःच्या घराला कडी लावत नव्हता. आठवडाभर बारामतीत खोली घेऊन राहायचे, शनिवारी बावड्याला घरी. आठवडाभर ते घर उघडं. "लॅबला तीन हाका आन् घराला कडी न्हाय," आमचे शिपाई हुसेनमामा हसायचे. मीही हसायचो. बायको वारलेली, मुलगा रमेश सहा वर्षांपूर्वी भांडून गेलेला, एवढंच आम्हाला माहीत.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी तात्या इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशातनं कार्ड काढून मला दाखवलं. रमेशचं. 'शनिवारी दुपारी पोचतो. दार उघडं असलं तर थांबीन, नाहीतर माघारी जाईन.' एवढंच. तात्यांनी ते सकाळपासून चारदा दाखवलं.

लॅब बंद करायची तात्यांची रीत ठरलेली. आत फिरून तीन हाका मारायच्या, मागच्या दारानं बाहेर पडून ते लावायचं आणि तिकडनं ओरडायचं, "खोली रिकामी, टाळं लाव." मग हुसेनमामा पुढच्या दाराला टाळं लावणार. त्या दिवशी घाईत तात्यांनी मागचं दार आधीच बाहेरनं लावलं होतं, आणि तेवढ्यात प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. मी आत भिंगं पुसत होतो. बाहेर मामांच्या किल्ल्या वाजल्या आणि माझी जीभ खाजली. तात्यांचा आवाज काढला. तीन हाका. थोडं थांबून, "नसंल त्यानं गप ऱ्हावं. खोली रिकामी, टाळं लाव."

"लावलं, तात्या," मामा म्हणाले.

मी हसायच्या तयारीत. खट्ट आवाज झाला आणि पावलं लांब गेली. मामांना कऱ्हाटीची एसटी गाठायची होती. दर सुट्टीला तात्या बिल्ले चिंचेनं घासायला घरी न्यायचे, म्हणून मामांनी ते न मोजता पिशवीत भरले, पिशवी ऑफिसात ठेवली आणि गेले.

मी दार बडवलं, ओरडलो. तासाभरानं दाराबाहेर वॉचमन आला. म्हणालो, "अरे मी सुनील, खरंच अडकलोय." तो म्हणाला, "रडका आवाज बी झ्याक काढतोस की. पर गेल्या टायमाला प्राचार्य होऊन मला उन्हात हुभा केलास, आता फसत न्हाय." आणि गेला. कॉलेज उघडायला तीन आठवडे. खिशात एक बिल्ला आणि दोन लिमलेटच्या गोळ्या. बसायला खुर्चीसुद्धा नव्हती.

तिकडं प्राचार्यांनी तात्यांना सोडलं तेव्हा एसटीला दहा मिनिटं राहिली होती. क्लार्कनं पिशवी हातात दिली, "मामा टाळं लावून गेला." आणि आयुष्यात पहिल्यांदा तात्यांनी स्वतः जाऊन बघितलं नाही. गाडीत खिडकीशी बसून बिल्ले मोजले. अकरा. परत मोजले. अकरा. सात नंबर नव्हता. भवानीनगरला तात्या उतरले. कारखान्यात ऊस टाकून निघालेल्या रिकाम्या ट्रॉलीत उभे राहून, इस्त्रीच्या शर्टावर पाचटाचा चुरा घेत, बारामतीला माघारी आले.

अडीचच्या सुमाराला दाराबाहेर आवाज आला, "आत कोण हाय का?"

"हाय, तात्या." माझा स्वतःचा आवाज मला ओळखू येईना.

तात्यांनी आपल्या किल्लीनं दार उघडलं. मला वाटलं, कानाखाली बसणार. तात्यांनी नुसता हात पुढं केला. मी बिल्ला दिला. त्यांनी बाराही बिल्ले फळीवर लावले, बोटानं मोजले आणि पायरीवर मट्कन बसले. तेव्हा मला रमेशचं कार्ड आठवलं. बावड्याची गाडी तर गेली होती.

मित्राची मोटरसायकल आणली. तात्या मागं बसले. इंदापूर मागं पडलं. मग म्हणाले, "घरी बी फळी हाय. दोन खिळं. एक माजा, एक रमेशचा. जाताना म्हनला, हे घर हाय का मशीन? आन् बिल्ला घिऊन गेला." थोड्या वेळानं, "फेकून न्हाय गेला. खिशात घालून गेला."

"मग?"

"मग काय. फळी भरली न्हाय, तर कडी कशी लावायची?"

मी गाडी जरा जोरात सोडली.

बावड्यात पोचलो तेव्हा दारोदार आकाशकंदील लागत होते. तात्यांच्या घरात अंधार. दार लोटलेलं. तात्या उंबऱ्याशी थांबले, आत बघेनात. हळूच म्हणाले, "आत कोण हाय का?" काही नाही. परत विचारलं. काही नाही. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

त्यांचा आवाज माझ्याकडं होता. मी हाक मारली, "आत कोण हाय का?"

"हाय की," मागच्या न्हाणीतनं कुणीतरी ओरडलं. "बल्ब गेलाय हितला. साबण डोळ्यात गेलाय, तात्या, पानी कुठं हाय?"

"डोळं मीट," तात्या म्हणाले. "मीट डोळं, चोळू नगं. आलो." आणि अंधारात धडपडत गेले. जाताना त्यांचा हात भिंतीवरच्या फळीला लागला आणि दोन्ही खिळ्यांवरचं पितळ वाजलं.

चहा पिऊन मी निघालो. गाडीशी आलो तोवर आतनं आवाज आला, "नकल्या, भाईर गेलास न्हवं?"

"गेलो, तात्या."

मग कडी वाजली. सहा वर्षं गंजलेली, सरळ बसेना. दोन-तीनदा आपटली, तेव्हा बसली.