जगदेवभाऊंची बिनआवाजाची गाडी

जगदेवभाऊंची मोटारसायकल रिठदच्या वेशीपाशी आली की घरात मनकर्णाबाई चहाचं आधण ठेवत. गाडी दिसायची गरजच नव्हती. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी जोरजोरात हलवावा तसा तिच्या इंजिनाचा आवाज यायचा आणि गाडीच्या आधी घरात शिरायचा. चहाला उकळी फुटेपर्यंत गाडी दारात. तेवढ्या वेळात मनकर्णाबाईंची मालिका बंद होई, वर्षाराणीचा मोबाइल उशीखाली जाई आणि तिच्या भावाच्या, प्रज्वलच्या, पुढ्यात स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक उघडं पडे. ते सुलटं धरलंय ना, हे बघायलाही वेळ उरे.

प्रज्वल भौतिकशास्त्राचा पदवीधर. रोज दुपारी केनवडच्या अभ्यासिकेत जातो असं सांगून तो निघे आणि केनवडच्याच इब्राहीम चाचांच्या गॅरेजात जाऊन इंजिनं उघडत बसे. त्याला हेच काम आयुष्यभर करायचं होतं. जगदेवभाऊंना मात्र मुलगा तहसीलमध्ये खुर्चीवर बसलेला हवा होता आणि तसं त्यांनी यच्चयावत नातेवाइकांना सांगूनही टाकलं होतं. वडिलांना सांगायचं वाक्य प्रज्वलनं पाठ केलं होतं, पण ते पहिल्या शब्दाच्या पुढे कधी गेलं नव्हतं. तो पहिला शब्द ‘बाबा’ होता.

त्या दिवशीही तो एवढंच म्हणाला, आणि मग घाबरून भलतंच बोलला. “बाबा, तुमच्या गाडीचा टेन्शनर घासला.”

“काय घासलं?”

“इंजिनाच्या आत एक साखळी असते, वॉल्व्ह उघडझाप करनारी. ते ढिली नाई पडली पाह्यजे म्हनून तिले दाबून धरनारा एक पार्ट असते. तो गेला. साखळी आतून फटकारे मारून राह्यली.”

“गाडी चालून राह्यली ना? मंग मारू दे.”

“साखळीनं एक दाता जरी सोडला ना, तं वॉल्व्ह पिस्टनवर आपटन. इंजिन खल्लास!”

जगदेवभाऊंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. “तुले काहून एवढं माहीत?”

“भौतिकशास्त्रात असते,” प्रज्वल म्हणाला.

“मंग ने इब्राहीमकडं.”

प्रज्वलला आकाश ठेंगणं झालं. गॅरेजात त्यानं चाचांना हातसुद्धा लावू दिला नाही. आधी पिस्टन वरच्या टोकाला आणून खुणेला खूण जुळवली, साखळी दात्यावरून सरकू नये म्हणून वरचं चक्र तारेनं बांधलं, मग जुना टेन्शनर काढला. आतली स्प्रिंग मेल्यातच जमा होती. नवा बसवून त्याची कळ सोडली तेव्हा आत ‘टक्’ असा बारीकसा आवाज झाला. तार सोडून त्यानं इंजिन हातानंच फिरवून बघितलं; खुणा पुन्हा जुळल्या. गाडी सुरू केली तर शिलाई मशीनसारखी चालू लागली.

“अबे वैज्ञानिक,” इब्राहीम चाचा म्हणाले, “गाडी चालू है का बंद, हात लावून पाहा लागते!”

संकट त्याच संध्याकाळी सुरू झालं. जगदेवभाऊ घरात शिरले तेव्हा मनकर्णाबाई मालिकेतल्या सासूला मोठमोठ्यानं शिव्या घालत होत्या. वर्षाराणी उंबऱ्यात बसून मैत्रिणीला फोनवर सांगत होती, “आमचे बाबा ना, घोरतात पन गाडीवानीच.” चहा नव्हता.  मनकर्णाबाई रिमोट टाकून आधण ठेवायला धावल्या.

दुसऱ्या दिवशी पारावर गावातला नकलाकार पुंजाजी मंडळींसमोर जगदेवभाऊंची नक्कल करत उभा होता. गावात कुणाचंही भांडण मिटवताना जगदेवभाऊ एक बोट वर करून खाकरतात, ते त्यानं हुबेहूब उचललं होतं. हसणारी मंडळी एकाएकी गप्प झाली, म्हणून पुंजाजीनं वळून पाहिलं. बोट वर तसंच. मागे गाडीवर जगदेवभाऊ.

“बोट... बोट ठनकून राह्यलं भाऊ,” पुंजाजी म्हणाला.

घरी मनकर्णाबाईंनी प्रज्वलला कोपऱ्यात गाठलं. “पोट्ट्या, काय करून ठेवलं तू? आता त्या टीव्हीसमोर बसलं तरी एक डोया दारावर ठेवा लागते. पह्यल्यावानी करून दे बरं ते!”

“आई, ते फॉल्ट होता.”

“फॉल्ट तुह्या डोक्यात हाये!”

प्रज्वल हसला. विज्ञानाची किंमत घरच्यांना कळत नाही, असं त्याला वाटलं. केनवडला जाऊन त्यानं हा किस्सा चाचांच्या मुलाला, इमरानला, रंगवून सांगितला. रस्त्याकडे पाठ, कोपरापर्यंत ग्रीस, हातात पाना. “सारे सापडले ना बे! मी बरा नाई सापडत. बाबाले वाटते, मी अभ्यासिकेत पुस्तकात मुंडकं घालून बसलो. अन् ते इकडं आलेच, तं त्याईची गाडी बस स्टँडपासूनच आयकू...”

इमरान हसत नव्हता. तो प्रज्वलच्या खांद्यावरून मागे बघत होता.

“आता नाई येत आयकू,” मागून आवाज आला.

पाना खाली पडला. इब्राहीम चाचा लगबगीनं स्टूल पुसू लागले. “या जगदेवभाऊ, बसा. चाय मागवतो.”

“माह्यी गाडी कोनं केली, इब्राहीम?”

“तुमच्याच पोरानं. मी नुसता उभा होतो.”

“मस्त केली,” जगदेवभाऊ स्टुलावर टेकत म्हणाले. “सत्यानाश केला.”

प्रज्वलनं पडलेला पाना उचलला. जगदेवभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “पुंजाजी माह्यी नक्कल करते, हे मले काय आज समजलं? तुह्या मायची मालिका मले माहीत नाई? म्हनून तं वेशीपाशी मी गाडी मुद्दाम रेस करो. लोकाईले सावराले जरा येळ द्या लागते बे! आता सारं डोयानं दिसते. अन् दिसलं का बोला लागते.”

“अन् माह्यं... हे?”

“अभ्यासिकेत बसून पोराच्या नखाले ग्रीस लागते काय? टावेल धुऊन धुऊन तुही माय थकली. म्हटलं, सांगन कदी तरी. पन तू तं आवाजच करत नाई.”

प्रज्वलनं पाठ केलेलं वाक्य आठवून पाहिलं. पहिला शब्द आला. “बाबा,” तो म्हणाला आणि पुढचं सगळं एका दमात बोलून मोकळा झाला. “मले हेच काम कराचं हाये!”

इब्राहीम चाचा स्टूल नसलेली जागाही पुसू लागले. जगदेवभाऊंनी टोपी झटकली, डोक्यावर घातली. “मंग उद्यापासून ते पुस्तक घरीच ठेव. ओझं कायले वाहतं? तुह्या मामाले काय सांगाचं, ते पाहू.” जाता जाता ते थांबले. “अन् ते जुनं काढलेलं हाये ना, ते लावून दे वापस.”

“नाई बाबा,” प्रज्वल म्हणाला. बापाला ‘नाही’ म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ. “इंजिन फुटन. ते नाई होनार.”

जगदेवभाऊंनी चाचांकडे पाहिलं. चाचांनीही नकारार्थी मान हलवली. जगदेवभाऊ विचार करत करत निघाले. गाडी गेल्याचं कुणाला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला वेशीकडून खोकल्याची जोरदार उबळ ऐकू आली. ती वळणावर वाढली, देवळापाशी जरा थांबली आणि पुन्हा एका लयीत पुढे सरकू लागली. “आले वाटते!” म्हणत मनकर्णाबाईंनी आधण ठेवलं. टीव्ही बंद झाला. वर्षाराणीचा मोबाइल उशीखाली गेला.

प्रज्वलला लपवायला काही उरलं नव्हतं. तो कान देऊन ऐकत राहिला. खोकला कोरडा होता आणि चढावर वाढत होता.

“आई, बाबाले दवाखान्यात दाखवा लागन काय?”

मनकर्णाबाईंनी उलथनं उगारलं. “खबरदार! गाडी दुरुस्त केली तेवढं पुरे झालं. याले हात लावशीन तं याद राख!”