अर्ध्या शाईचं गणित

दुकानात एक लेथ, एबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, तेवीस दांडे, सात तयार पेनं, दोन भाऊ आणि एक पदवी होती. पदवी धाकट्याची. नृसिंह पदार्थविज्ञानात पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाला होता आणि तरीही थोरल्या दादाबरोबर पेनंच करत होता. याचं कोल्हापुरात कुणाला काही वाटत नसे. गडहिंग्लजच्या गणपतरावांना मात्र वाटलं, कारण त्यांची पद्मजा त्याला द्यायचं घाटत होतं.

"पेनं करनाऱ्याला पोरगी द्यायची?" दुकानात येऊन त्यांनी तोंडावर विचारलं. "बाजारातली पेनं माझ्या मुठीत काडीगत मोडत्यात!"

गणपतराव जुने पैलवान. नृसिंहाने लगेच त्यांचा पंजा मोजला. सव्वीस सेंटिमीटर!

"मामा, तुमच्या हाताच्या मापाचं करतो. याद्यांवर त्याच पेनानं सही करा. एक थेंब जरी गळला, तर याद्या फाडा!"

लेथवरचा दादा खोकला.

पंधरा दिवसांत पेन तयार झालं. काकडीएवढं जाड!

"शाई काठोकाठ भर," दादा म्हणाला. "आन् एक दिस आपल्याच खिशात घालून हिंड. आपली रीत हाय ती."

"रीत कसली, दादा! शाई जितकी कमी, तितकं गळणं कमी. साधं गणित आहे."

दादा चौथी पास. तो लेथकडे वळला. नृसिंहाने ड्रॉपरने मोजून अर्धीच शाई भरली.

याद्यांच्या दिवशी गडहिंग्लजला, आपल्या घरी, गणपतरावांनी पेनाचं टोपण काढलं, पेन मुठीत धरलं आणि सही करायची सोडून बोलत बसले.

"वऱ्हाड किती आनताय, पावणं?"

"दीडशे," दादा म्हणाला.

"दीडशे? बारशाला येतायसा का लग्नाला? चारशे आना की!"

"चारशेला गाड्या कुठनं आणू?"

वीस मिनिटं गेली. पैलवानाची मूठ भाकरीच्या तव्यासारखी तापली. नृसिंहाला निबच्या टोकाशी थेंब दिसला. मोहरीएवढा. बघता बघता ज्वारीएवढा!

"मामा, पेन खाली ठेवा!"

"का? सही नको?"

"हवी, पण आत्ता नको!"

"आत्ता नको, मग कवा? दुसरी पोरगी बघितलीस व्हय रं?"

"तसं नाही हो! नुसतं पेन सोडा!"

त्याने पेनाला हात घातला. पण पैलवानाने एकदा धरलेलं कधी सोडलंय? हा ओढतो, ते आवळतात! शेवटी एक हिसका बसला आणि इस्त्रीच्या पांढऱ्या धोतरावर निळं तळं साचलं.

गणपतरावांनी यादीचा कागद दोन्ही हातांनी उचलला.

"गळलं तर फाडा म्हणलतास न्हवं?"

"बाबा, थांबा!" आतून पद्मजा आली. ती शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. नृसिंहाकडे वळून तिने विचारलं, "शाई अर्धीच भरली होती ना?"

"हो."

"उरलेल्या जागेत काय होतं?"

"हवा."

"हवा तापली की?"

नृसिंह आपोआप उभा राहिला. "प्रसरण पावते," तो म्हणाला. आवाजही सातवीतलाच निघाला.

"आणि मग शाई कुठे जाते?"

"धोतरावर."

दादा पुन्हा खोकला.

पद्मजाने पेपर तपासायच्या लाल शाईची बाटली आणली, पेन धुऊन काठोकाठ भरलं आणि वडिलांच्या मुठीत दिलं. "अर्धा तास धरा, बाबा. गळलं तर यादी मीच फाडते."

सगळे त्या मुठीकडे बघत बसले. चहा दोनदा झाला. वऱ्हाड अडीचशेवर ठरलं. नृसिंह मनगटावरच्या घड्याळाकडे आणि निबकडे आळीपाळीने बघत होता.

तीस मिनिटं झाली. गळालेले थेंब, शून्य. लाल सहीची लांबी, नऊ सेंटिमीटर.